पाहुण्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. माझे वय बेचाळीस. त्यांपैकी पहिली अडतीस वर्षे माझ्यावर कोणीही बसले नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मोडकी असेल, नाहीतर अडगळीत पडली असेल. मुळीच नाही. मी स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी, चांगल्या उजेडात उभी होते. बरीच वर्षे रोज सकाळी मला पुसत. माझ्यापुढे ताट मांडत. फक्त बसत नसत. असे का, ते सांगायलाच मी आज तोंड उघडले आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मला गुळमुळीत बोलता येत नाही. आयुष्यभर ताठ उभी राहिले आहे, तेव्हा बोलणेही तसेच.

मला बाबांनी घडवले. तेव्हा ते कोणाचेच बाबा नव्हते. वीस वर्षांचे, हाताला नुकतेच घट्टे पडू लागलेले सुतार होते. कुठले तरी जुने गोदाम पाडले होते, त्याची एक तुळई त्यांना मिळाली. त्या तुळईतून त्यांनी मला कापले, रंधा मारला, पटाशीने खाचा पाडल्या. माझ्या अंगात एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवायचे, मध्ये सरस भरायचा आणि दोन दिवस दोरीने करकचून आवळून ठेवायचे, ही त्यांची पद्धत. मग पॉलिश कागदाने मला इतके घासले की पाठीवरून हात फिरवताना तळहात कुठे अडखळत नसे. दोन पावले मागे सरून बाबा म्हणाले, "झकास!" ते माझे पहिले कौतुक. मला वाटले, आता हे बसून बघतील. ते बसले नाहीत.

कारण मी त्यांच्यासाठी नव्हतेच. मी पाहुण्यासाठी होते.

बाबांच्या घरची मंडळी ज्या प्रार्थनाघरात जात, तिथे देवाला देव म्हणत नसत, पाहुणा म्हणत. तो रोज प्रत्येक घरी जेवायला येतो, फक्त दिसत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून घरोघरी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची त्याच्यासाठी राखलेली असे. घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला विसावे लागले की त्याने स्वतःच्या हाताने अशी खुर्ची करायची, ती प्रार्थनाघरात न्यायची, तिच्या मागे उभे राहायचे आणि सर्वांसमोर म्हणायचे, "तू येतोस. मला ठाऊक आहे." याला शब्द देणे म्हणत. एकदा शब्द दिला की त्या खुर्चीवर माणसाने बसायचे नाही. कधीच नाही.

आता सगळेच काही सुतार नसतात. शिंपीदादांची खुर्ची डाव्या अंगाला कललेली होती. शाळेतल्या मास्तरांच्या खुर्चीचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे होते, आणि मास्तर शिकवत गणित! पण बसायचेच नसल्यामुळे कोणाचे काही अडत नसे. त्या सगळ्या लंगड्यापांगळ्या गोतावळ्यात मी उठून दिसायचे. लोक मला बघून तोंडात बोट घालायचे. खोटे कशाला बोलू, मी थोडी शेफारलेच होते.

बाबांचे लग्न झाले आणि मी नव्या घरी आले. स्वयंपाकघर लहान, टेबल चौकोनी. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला पुढे थोरली मुलगी, तिसऱ्या बाजूला धाकटा मुलगा आणि चौथ्या बाजूला मी. मग आई कुठे? आई कोपऱ्यावर, चुलीजवळ, एका पालथ्या घातलेल्या खोक्यावर. बाबांच्या कारखान्यात त्या खोक्यातून पॉलिशचे डबे यायचे. खोक्याला पाठ नव्हती आणि तो इतका बुटका होता की ताट आईच्या हनुवटीला लागायचे तेवढे राही. बाबा दर महिन्याला म्हणत, "तुझ्यासाठी एक झक्क खुर्ची करतो, बघच तू." त्यावर आईचे ठरलेले उत्तर असे, "असू द्या हो. मला सारखं उठावं लागतं, खोकाच बरा." आणि मग गिऱ्हाइकांच्या खुर्च्या आधी होत. बाबा वाईट नव्हते, मित्रांनो. रोज रोज बघून ती गोष्ट त्यांना दिसेनाशी झाली होती, एवढेच.

मला मात्र ती रोज दिसे. माझ्यावर माशी बसली तरी मला कळते. त्यामुळे जेवणाच्या आधी सगळे डोळे मिटून पाहुण्याला बोलावत, तेव्हा कोण आले आणि कोण नाही, हे त्या घरात एकट्या मला पक्के माहीत असे. पण खुर्चीला कोण विचारतो?

एकीने विचारले. थोरली सात वर्षांची असताना बाबांच्या कारखान्यातून मूठभर बारीक भुसा घेऊन आली. पीठच जणू. आई चुलीकडे वळलेली बघून तिने तो माझ्या बैठकीवर चाळून पसरला. प्रार्थना झाली, जेवणे झाली, तशी ती वाकून बघू लागली. भुसा होता तसाच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी भुशात मध्येच दोन खड्डे दिसले! पोरगी आनंदाने नाचू लागली. मग तिने त्या खड्ड्यांत स्वतःची बोटे घालून बघितली. तिची बोटे मावेनात. धाकट्याची बरोबर मावली. त्याच्या पाठीत जो धपाटा बसला, त्याचा आवाज मला अजून आठवतो.

सगळे उघडकीला आले तेव्हा बाबा पोट धरून हसले. म्हणाले, "अगं वेडाबाई, तो काय वजनाने बसतो?"

"मग त्याला खुर्ची कशाला लागते?" थोरलीने विचारले.

बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. त्यांनी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे कौतुकाने सगळ्यांना सांगितली. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. ती इतरांसारखीच डोळे मिटू लागली. मनापासून मिटायची. मी समोरच होते, मला दिसत होते.

वर्षे गेली. थोरली बाबांच्या हाताखाली सुतारकाम शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी रंधा असा चालवू लागली की बाबा नुसते बघत राहायचे. धाकट्याला लाकडाचे वावडे होते, तो छापखान्यात चिकटला. सगळे सुरळीत चालले होते.

मग तो दिवस आला. आईला तीन दिवस ताप होता, तरी ती उठून स्वयंपाकाला लागली होती. दुपारची जेवणाची वेळ. बाबा नळाशी हात धूत होते, थोरली ताटे मांडत होती. आई गरम पातेले टेबलावर ठेवून वळली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तिच्या हाताशीच होते. तिने आधारासाठी माझ्या पाठीवर हात टाकला. मी म्हटले, बस गं बाई, बस. एवढ्यासाठीच तर मला घडवले आहे! तिचे गुडघे वाकले. आणि तेवढ्यात कशाला हात लावला हे तिच्या ध्यानात आले. चटका बसावा तसा तिने हात काढून घेतला, अंग मुद्दाम दुसरीकडे झोकले आणि ती खोक्याच्या कडेवर आदळून खाली पडली. मला चार पाय आहेत, मित्रांनो. पण त्यांतला एकही मला पुढे टाकता आला नाही.

बाबा ओल्या हातांनी धावले. थोरलीने आईचे डोके मांडीवर घेतले. आईने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "खुर्चीला धक्का नाही ना लागला?"

माझ्या काळजात चर्र झाले. लाकडाला काळीज नसते म्हणतात. म्हणोत बापडे.

आईचे उजवे मनगट मोडले होते. दीड महिना प्लॅस्टर राहिले. ते निघाल्यावरही हाताला पूर्वीचा जोर आला नाही, भरले पातेले तिला कधी एका हाताने उचलता आले नाही. पण प्रार्थनाघरात तिचा केवढा गौरव झाला! प्रार्थनाघराचे प्रमुख पेशाने चष्मे करणारे होते, सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. त्यांनी सर्वांना सांगितले, घेरी आली तरी या माउलीने पाहुण्याची जागा घेतली नाही. बायका आपल्या मुलांना घेऊन आमच्या घरी येऊ लागल्या. मला बोट दाखवून म्हणायच्या, "हीच बघ ती खुर्ची." आणि आई, गळ्यात हात अडकवलेली, खोक्यावर बसून लाजायची. तिला खरोखर धन्य वाटत होते. मला मात्र कुठे तोंड लपवावे ते समजत नव्हते.

थोरली हे सगळे बघत होती. एकदा चष्मेवाले काका आईची चौकशी करायला आले. चहा झाला, तेव्हा तिने विचारले, "काका, त्या दिवशी आई बसली असती तर पाहुण्याला राग आला असता?"

"छे गं. तो दयाळू आहे."

"मग हे तुम्ही तिला आधी का नाही सांगितलंत? पडायच्या आधी?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. माणूस भला होता, रागावला नाही. म्हणाला, "पोरी, ज्याने त्याने आपल्या सोयीने बसायचं ठरवलं, तर उद्या घरात त्याची म्हणून एकही जागा उरणार नाही."

"आईची म्हणून तरी कुठे आहे?" थोरली म्हणाली. बाबांनी तिच्याकडे असे बघितले की ती उठून कपबश्या विसळायला गेली.

त्या दिवशी तिचा विश्वास उडाला, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. तो घालवायचा नाही म्हणून तिने जिवाचा आटापिटा केला, त्याची साक्षीदार मी आहे. घर रिकामे असले की ती दुपारची येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसायची. डोळे मिटून म्हणायची, "मला चमत्कार नको. रागावलास तरी चालेल. पण तू आहेस एवढं कळू दे." किती तरी दुपारी ती अशी बसली. मी कान देऊन ऐकत होते. उत्तर यावे असे मलाही वाटू लागले होते, कारण तिची ती दशा बघवत नव्हती. पण तिथे ती होती आणि मी होते. तिसरे कोणी नव्हते.

मग एका दुपारी ती उठली. फडके घेऊन तिने माझी बैठक पुसली आणि सरळ आवाजात म्हणाली, "इथे कोणी नाही." आवाज रडवेला नव्हता. माप घेतल्यावर सुतार आकडा सांगतो, तसा होता. जाताना तिने खिडकी उघडली, कारण खोलीत उकडत होते.

आता तिला विसावे लागले होते. शब्द देण्याचा दिवस ठरला. तिने आधी आईला सांगितले. आईचे धाबे दणाणले. "अगं, म्हणून टाक ना! चार शब्द तर आहेत. कोण तपासायला येतंय?"

"तिथे 'मला ठाऊक आहे' असं म्हणायचं असतं, आई. मला ठाऊक नाही. सगळ्यांच्या तोंडावर खोटं कसं बोलू?"

"बाबांचं काय होईल, याचा विचार केलास? लोकांत त्यांना मान आहे गं."

"तोच विचार करून वर्ष गेलं," थोरली म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज चिरकला.

मग चहाच्या वेळी तिने बाबांना सांगितले, "खुर्ची मी करीन, बाबा. शब्द देणार नाही." बाबांना वाटले, पोर घाबरली आहे. ते हसून म्हणाले, "अगं, मलाही त्या दिवशी घाम फुटला होता. उभी राहिलीस की आपोआप तोंडातून निघतं." थोरलीने पुन्हा सांगायला तोंड उघडले, तोवर बाबा उठून गेलेही होते.

रीत अशी की नव्या खुर्चीशेजारी घरातली जुनी खुर्ची उभी करायची. त्यामुळे मलाही हातगाडीवर बांधून प्रार्थनाघरात नेले. तिथे मी माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्यांदा बघितले. काय देखणी होती! पण वेगळीच. पाहुण्याच्या खुर्च्यांना हात नसतात; हिला होते, आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन बोटे रुंद. बैठक बुटकी. पाठ जराशी मागे कललेली. बाबा कारखान्यात ही खुर्ची रोज बघत होते आणि मुलीच्या हुशारीवर खूश होते. आज सगळ्यांसमोर, उजेडात, त्यांनी तिच्याकडे नीट बघितले. सुताराची नजर ती. मापे कोणाची आहेत, हे त्यांना तिथे कळले. त्यांनी शेजारी बसलेल्या आईकडे बघितले, मग तिच्या मनगटाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

थोरली खुर्चीमागे उभी राहिली. चष्मेवाले काकांनी मान हलवून खूण केली. सगळे वाट बघू लागले.

"मला हे म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "माझा विश्वास नाही. मी खूप प्रयत्न केला, पण नाही. तुमच्यातल्या कोणाला मी हसत नाही, कोणाला वेडं म्हणत नाही. मला स्वतःला जे वाटत नाही, ते मी बोलणार नाही, एवढंच."

मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडले, "शोभतं का हे?" चष्मेवाले काका हळूच म्हणाले, "पोरी, बाहेर जाऊन दहा मिनिटं शांत बस. विचार कर."

"एक वर्ष विचार केला, काका."

"मग ही खुर्ची कोणासाठी?"

"आईसाठी," थोरली म्हणाली.

तिचे पाय लटपटत होते. मी शेजारीच होते, मला दिसले. पण तिने खुर्ची उचलून खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेली. घरापर्यंत तिने ती तशीच नेली. बाबांनी मला एकट्यानेच हातगाडीवर चढवले. दोरी बांधताना त्यांच्याकडून तीनदा गाठ सुटली.

त्या दिवशी जेवताना बाबा कोणाकडेही न बघता म्हणाले, "या टेबलाशी बसायचं तर आधी डोळे मिटायचे. या घराची रीत आहे." थोरलीने वाद घातला नाही. आपले ताट उचलले, आईला हाताला धरून स्वतःच्या जागेवर बसवले आणि आपण खोक्यावर जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागले, पण तिथेच बसून जेवली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशीही. डोळे काही मिटले नाहीत.

आईची नवी खुर्ची भिंतीशी पडून होती. आई तिला वळसा घालून जायची. मग एके दिवशी ती आपल्याशीच बोलू लागली, "शब्द तर दिलेला नाही. म्हणजे ही काही पाहुण्याची झाली नाही. मग बसायला काय हरकत?" बघा मित्रांनो, तिच्याच नियमाने ती खुर्ची मोकळी होती. थोरलीने त्या दिवशी चार शब्द म्हणून टाकले असते, तर तिच्यावरही कोणाला जन्मात बसता आले नसते. आईने इकडे तिकडे बघितले आणि टेकली. मग मागे रेलली. उजवे मनगट त्या रुंद हातावर अलगद विसावले. "अगंबाई!" ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. भाजी थोडी लागली त्या दिवशी. सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

बाबांनी थोरलीला कारखान्यातून काढले नाही, पण तिच्याशी फक्त मापांत बोलू लागले. "तीन फूट." "दीड इंच." "सरस तापव." घरी तेवढेही नाही. लोकांनी तिला नाव पाडले, बिनखुर्चीची. दिवसभर खुर्च्या करणाऱ्या मुलीला बिनखुर्चीची! तीही हसायची, पण ते मनाला लागत असे. दोन वर्षांनी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला आपला कारखाना काढला, शाळांसाठी बाके आणि खुर्च्या करायचा. खोली घेऊन तिथेच राहू लागली. आठवड्याच्या सुट्टीला मात्र न चुकता घरी यायची. बाबा डोळे मिटून प्रार्थना म्हणत, ती खोक्यावर उघड्या डोळ्यांनी गप्प बसे, मग सगळे जेवत. कोणी एक पाऊल मागे घ्यायला तयार नव्हते. अशी एकूण अकरा वर्षे गेली.

त्या काळात माझी आबाळ झाली. आईच्या मनगटाला पुसणे झेपेना, बाबांचे गुडघे धरले. माझ्या पायांच्या बेचक्यांत धूळ साचली, लाकूड कोरडे पडले. प्रार्थना रोज होत होती, पण मला फडके लागत नव्हते. मग मला कोणी जपले? थोरलीनेच. सुट्टीला आली की ती मला अंगणात नेऊन पुसायची, फडक्याने तेल चोळायची. एकदा आई तिला म्हणाली, "तुझा तर विश्वास नाही ना, मग कशाला?" ती म्हणाली, "लाकूड आहे ना. आणि बाबांनी केलंय." विश्वास नसलेल्या हातांनी माझी सर्वांत चांगली निगा राखली, हे मी छातीठोकपणे सांगेन.

आणि चार वर्षांपूर्वीचा तो दिवस. थोरली एका शाळेत बाके बसवून परस्पर घरी आली होती. सकाळी एक जड फळी तिच्या पायावर पडली होती. पाय टम्म सुजलेला, बुटात मावेना. ती लंगडत टेबलापर्यंत आली. खोक्यावर बसायला वाकली, पण पाय दुमडेना. तोल गेला आणि आधारासाठी तिने माझ्या पाठीवर हात टाकला. मग तिने बाबांकडे बघितले आणि हात पटकन काढून घेतला. तिला पाहुण्याचा धाक नव्हता. बाबांना वाईट वाटेल म्हणून तिने तो काढला.

बाबा नळाशी हात धूत होते. त्यांनी ते बघितले. तीच जागा, तीच दुपार, हात काढून घेण्याची तीच रीत. आईचे पडणे त्यांनी याच जागेवरून बघितले होते. ते ओल्या हातांनीच पुढे आले, माझी पाठ धरली आणि मला मागे ओढले.

"बस," ते म्हणाले.

थोरली उभीच राहिली. "नको, बाबा. मी प्रार्थना म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. बस."

"ही पाहुण्याची आहे."

"तो आला तर मी उठेन. माझी देईन त्याला. एवढा काही म्हातारा झालो नाही अजून."

थोरलीचे डोळे भरून आले, तरी तिचा हट्ट सुटेना. "मी पाहुणी म्हणून बसणार नाही, बाबा."

"घरची म्हणून बस!" बाबा खेकसले. "आता काय पाय फुटेपर्यंत वाद घालणार आहेस?"

ती बसली.

मित्रांनो, अडतीस वर्षांनी माझ्यावर पहिल्यांदा माणसाचे वजन पडले. ते कसे वाटले, हे मला सांगता येत नाही. मला एवढेच कळले की मी कशासाठी झाले होते. पण लाजिरवाणी गोष्ट अशी की त्याच क्षणी मी जोरात कुरकुरले.

थोरली सुतार, ती लगेच मागे वाकून बघू लागली. "बाबा, मागचा डावा पाय ढिला आहे."

"शक्यच नाही," बाबा तोऱ्यात म्हणाले. "ढिला कसा होईल? आजवर कोणी बसलंय का कधी तिच्यावर?"

बोलून गेले आणि थांबले. बाबा माझ्याकडे बघत होते. थोरलीला काही बोलता आले असते. अकरा वर्षे तिने खोक्यावर बसून काढली होती, तिला तो हक्क होता. ती बोलली नाही. तिने फक्त आपला हात बाबांच्या ओल्या हातावर ठेवला.

"सरस सुकला असेल," शेवटी बाबा म्हणाले. "जेवण झालं की काढू या दोघं मिळून."

"हो," थोरली म्हणाली. आई वाढू लागली.

बाबांची श्रद्धा गेली असे समजू नका. ते आजही डोळे मिटून पाहुण्याला बोलावतात, आणि थोरली आजही डोळे उघडे ठेवून समोर बसते. फरक इतकाच की टेबलाशी आता कोणी बिनखुर्चीचे नसते. त्या दुपारी त्या दोघांनी मिळून माझा पाय काढला, नवा सरस भरला, दोरी आवळली. बाबा तिच्याशी बोलत होते, आणि मापांशिवाय बोलत होते. आता माझ्या बैठकीवर भाजीचा एक डाग आहे, पाय काढताना पडलेला ओरखडा आहे आणि धाकट्याच्या मुलीने पाठीवर कोरलेले एक वाकडे फूल आहे. अडतीस वर्षांत मी इतकी सुंदर कधीच नव्हते. खोक्यात पुन्हा पॉलिशचे डबे ठेवतात.

मित्रांनो, तुम्ही कोणाला माना किंवा मानू नका, ते तुमचे तुम्ही ठरवा. आणि जे ठरेल ते, पाय लटपटले तरी, खरे सांगा. माझे मागणे थोडेच आहे. लाकडाला अधूनमधून तेल लावा. सांधे वेळेवर बघा. आणि जेवायला बसताना, डोळे मिटण्याआधी, एकदा खोलीभर नजर फिरवा. कोणी उभे दिसले, तर माझ्यासारखी एखादी जवळपास रिकामी असेलच. तिला मागे ओढा आणि म्हणा, "बस."